रोख, उधार आणि उघड्यावर वाचलेला हिशेब

मी तेरहून बोलतेय.

बचत गटांच्या बैठकीला गेलं की हल्ली एक प्रश्न हमखास येतो. "ताई, रोख घ्यावं का कार्डावर?" कुणाच्या लेकानं पुण्याला नोकरीला लागल्यावर क्रेडिट कार्ड काढलेलं असतं. कुणाला दुकानदार म्हणतो, आज पैसे देऊ नका, बारा हप्त्यांत द्या. किराणा असो, मोबाइल असो, शिलाई मशीन असो नाहीतर लग्नाचा बस्ता, प्रश्न तोच. कार्ड नवीन आहे, पण प्रश्न फार जुना आहे. किती जुना, ते आपल्या तेरच्या मातीतच कळतं. म्हणून आज बाजाराचा थोडा इतिहास सांगणार आहे.

आधी आपल्या घरातले तीन शब्द घेऊ. उसनं, उधार आणि कर्ज. शेजारणीकडून वाटीभर साखर आणली तर ते उसनं. जेवढं आणलं तेवढंच परत द्यायचं, त्याला व्याज नाही. दुकानातून माल आणला आणि पैसे नंतर दिले तर ती उधारी. व्याज तोंडानं कुणी बोलत नाही, पण उधारीचा भाव रोखीच्या भावापेक्षा चढा लागतो हे आपल्याला ठाऊक असतं. आणि कर्ज म्हणजे पैसा घेतला, त्यावर व्याज ठरलं, कागद झाला. या तिन्हींतला फरक आपल्या आज्यांना चांगला कळायचा. कार्डाची खरी अडचण अशी की ते एकाच वेळी तिन्ही असतं. मुदतीत सगळे पैसे भरले तर उसन्यासारखं. बाराच्या हप्त्यात माल घेतला तर उधारीसारखं. आणि बिल थकलं की कर्ज, तेही फार महाग. कधी एकाचं दुसरं झालं ते कार्डधारकाच्या लक्षातही येत नाही.

आता तेरकडं येऊ. आपल्या गावाचं जुनं नाव तगर. पुढं कितीतरी शतकांनी शिलाहार राजे स्वतःला "तगरपुरवराधीश्वर" म्हणवून घेत, इतका या नावाचा मान होता. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्यानं समुद्री व्यापाराची माहिती देणारं पुस्तक लिहिलं, त्याचं नाव पेरिप्लस. त्यात तगरचा उल्लेख आहे. तो सांगतो की भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांवर तगर. तगरहून साधं जाडंभरडं कापड, तलम कापड आणि आणखी माल गाड्यांत भरून, वाट नसलेल्या मुलखातून भडोचला जायचा. म्हणजे तेरणाकाठच्या मागावर विणलेलं कापड समुद्रापार जात होतं.

महिनाभराच्या प्रवासाला निघालेल्या गाडीवानाच्या, विणकराच्या, व्यापाऱ्याच्या मध्ये सगळा व्यवहार हातोहात रोखीनं कसा होणार? माल आज गेला, पैसा काही महिन्यांनी आला, असंच चालायचं. लांबच्या व्यापारात विश्वासाशिवाय चाकं फिरत नाहीत. त्याच पुस्तकात आणखी एक गोष्ट आहे. रोमचं सोन्याचांदीचं नाणं भडोचला आणलं की तिथल्या पैशाशी बदलताना नफा व्हायचा, असं तो व्यापारी लिहितो. पैसा बदलून देण्यात नफा असतो, हे तेव्हाही माहीत होतं.

आपल्या गावात रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवलेल्या वस्तूंतून उभं राहिलेलं शासकीय वस्तुसंग्रहालय आहे. गटाच्या सहलीला दूर कुठं जाण्याआधी ते बघा. तिथं सातवाहन काळाची नाणी आहेत, मातीच्या बाहुल्या आहेत, मणी आहेत. सातवाहनांची बरीच नाणी शिशाची आणि मिश्रधातूची होती. अशी हलकी नाणी म्हणजे रोजच्या बाजाराची चिल्लर. भाजी, मीठ, तेल यांसाठी चिल्लर आणि मोठ्या सौद्याला चांदी-सोनं. रोजची खरेदी वेगळी आणि मोठी खरेदी वेगळी, ही वाटणी नाण्यातच केलेली होती. तेरच्या उत्खननात रोमन नाण्यांचा छाप घेऊन केलेली मातीची पदकंही मिळाली आहेत, गळ्यात अडकवायची. नाणं गळ्यात घालायची हौस आपल्याकडं इतकी जुनी आहे. पुढं आपल्या आज्यांनी पुतळ्यांची माळ घातली ती त्याच हौशीतली. ती हौस होती आणि बचतही होती. अडल्या वेळी गहाण टाकायला, मोडायला बाईकडं दुसरं काय होतं?

आता एक प्रश्न. त्या काळी बँक नव्हती. मग कुणाला पैसा सुरक्षित ठेवून त्याचं व्याज हवं असेल तर तो कुठं जायचा? याचं उत्तर नाशिकच्या लेण्यांत दगडावर कोरलेलं आहे. त्या काळी कारागिरांचे संघ असायचे, त्यांना श्रेणी म्हणत. विणकरांची श्रेणी, तेल्यांची श्रेणी, अशा. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात यानं नाशिकजवळच्या गोवर्धन गावातल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडं 3000 कार्षापण ठेव म्हणून ठेवले. कार्षापण म्हणजे तेव्हाचं नाणं. एका श्रेणीकडं 2000, दर महिना शंभराला एक या व्याजानं. दुसरीकडं 1000, दर महिना शंभराला पाऊण या व्याजानं. मुद्दल परत घ्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. पहिल्या ठेवीच्या व्याजातून लेण्यात राहणाऱ्या वीस भिक्षूंना वर्षाला प्रत्येकी बारा कार्षापण कापडासाठी द्यायचे.

जरा तोंडी हिशेब करू. दोन हजाराला शेकडा एक म्हणजे महिन्याला वीस. वर्षाचे झाले दोनशे चाळीस. वीस जणांना बारा बारा म्हणजे दोनशे चाळीस. बरोबर जुळतं. एक कवडी इकडची तिकडं नाही. जवळजवळ एकोणीसशे वर्षांपूर्वीचा हिशेब आपल्या गटाच्या वहीत आज लिहिला तरी चालेल, कारण आपणही शेकडा आणि महिना अशीच भाषा बोलतो.

त्या लेखात शेवटी एक ओळ आहे, ती मला सगळ्यात मोलाची वाटते. हे सगळं निगमसभेत, म्हणजे व्यापाऱ्या-कारागिरांच्या गावसभेत, जाहीर केलं आणि रिवाजाप्रमाणे फळ्यावर नोंदवलं, असं त्यात सांगितलंय. राजाचा जावई पैसे ठेवतोय, तरी सगळ्यांसमोर बोलून दाखवायचं. किती पैसे, कुणाकडं, काय व्याजानं, कशासाठी, हे चारचौघांच्या कानावर घालायचं. मग दडवादडवीला जागा राहत नाही.

पुढं तिसऱ्या शतकात, आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळात, त्याच लेण्यांत एका बाईचा लेख आहे. तिचं नाव विष्णुदत्ता. शक कुळातल्या अग्निवर्म्याची लेक, गणपक रेभिलाची बायको, गणपक विश्ववर्म्याची आई. तिनं आजारी भिक्षूंच्या औषधपाण्यासाठी वेगवेगळ्या श्रेणींकडं पैसे ठेवले. त्यात कुलरिकांची श्रेणी आहे, पाण्याची यंत्रं करणाऱ्यांची आहे, तेल्यांची आहे. कुलरिक म्हणजे बहुधा कुंभार, असं अभ्यासक म्हणतात. म्हणजे एक बाई, स्वतःच्या नावानं, कारागिरांच्या संघाकडं ठेव ठेवते आणि तिचं नाव दगडावर कोरलं जातं. आपल्या बायका बँकेच्या दारात गेल्या तेव्हा "नवऱ्याला घेऊन या" असं ऐकावं लागलं, त्याला किती वर्षं झाली? फार नाही.

कुंभारांचा विषय निघाला की तेरकराला गोरोबाकाका आठवणारच. संत गोरा कुंभार आपल्या गावचे, तेराव्या-चौदाव्या शतकातले. त्यांच्या काळाच्या आगेमागे गावगाड्यात जी पद्धत पुढं रुजली ती बलुत्याची. कुंभारानं वर्षभर गाडगी-मडकी द्यायची, सुतारानं अवजारं दुरुस्त करायची आणि सुगीला खळ्यावर धान्य मापून घ्यायचं. हीसुद्धा उधारीच, बारा महिन्यांची. यात एक गोष्ट शहाणपणाची होती. देणं मागायचं ते पीक घरात आल्यावर, खळ्यावर. आभाळाकडं डोळे लावून बसलेल्या ज्येष्ठात कुणी शेतकऱ्याकडं हप्ता मागत नव्हतं. पण यात एक मोठं पापही होतं, तेही सांगायला हवं. कुणाला किती मिळणार ते जातीवर ठरायचं. सगळ्यात कष्टाचं काम करणाऱ्याच्या पदरात सगळ्यात शेवटचं, सगळ्यात थोडं पडायचं आणि तक्रारीला जागा नव्हती. हिशेब कुणाच्या तरी मर्जीवर असला की असंच होतं.

मग सावकाराचा काळ येतो. पुणे, नगर, सोलापूर, सातारा हा मुलूख इंग्रजांकडं होता. तिथं शेतसारा रोख भरावा लागे. पीक आलेलं नसलं तरी सारा भरायचाच, मग सावकाराकडं जायचं. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चाललं. तिथला कापूस इंग्लंडला जाईना, म्हणून आपल्याकडच्या कापसाचा भाव आभाळाला भिडला. सावकार हात सैल सोडून कर्ज देऊ लागले. युद्ध संपलं, भाव कोसळला आणि तेच सावकार वसुलीला उभे राहिले. बाजार चढता असला की कर्ज आपण होऊन दारात येतं, हे तेव्हाच्या शेतकऱ्यांनी भोगून पाहिलं.

कागद कसा व्हायचा ते ऐका. जुनं कर्ज फिटलं नाही की व्याज मुद्दलात मिळवून नवं खत लिहायचं. शेतकऱ्याला वाचता येत नव्हतं. त्याचा अंगठा लागला की झालं. किती घेतले, किती फेडले, किती उरले, हे फक्त सावकाराच्या वहीला ठाऊक. शेवटी 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात बाजाराच्या दिवशी लोक उठले. ते लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या कितीतरी गावांत गेलं. लोकांनी मुख्यतः एकच गोष्ट मागितली, ती म्हणजे कर्जाचे कागद. कागद हाती आले की गावात त्याची होळी करायची. माणसं मारायचा हेतू नव्हता. जो हिशेब आपल्याला वाचता येत नाही, त्याच्यावर लोकांचा राग होता.

त्यानंतर 1879 मध्ये इंग्रज सरकारनं दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. पुणे, नगर, सातारा आणि सोलापूर या चार जिल्ह्यांना तो लागू झाला. त्यातल्या तरतुदी बघा. शेतकऱ्याचं खत गावच्या नोंदणी अधिकाऱ्यासमोर व्हावं. पैसे भरले की पावती मिळावी. वर्षाचा हिशेब मागता यावा. पासबुकात नोंद करून घेता यावी. हे सगळं मिळवण्यासाठी लोकांना कागद जाळावे लागले. नाशिकच्या लेण्यात जे रिवाज म्हणून होत होतं, ते सतराशे वर्षांनी कायदा करून आणावं लागलं.

आपलं तेर मात्र त्या कायद्याच्या पलीकडं होतं. आपला धाराशिव जिल्हा, तेव्हाचा उस्मानाबाद, निजामाच्या हैदराबाद राज्यात होता. बार्शी सोलापूर जिल्ह्यात, म्हणजे इंग्रजांकडं. बार्शी मोठी बाजारपेठ. 1911 पर्यंत बार्शीची छोटी रेल्वे लातूरला पोचली आणि दोन राज्यांमधली ये-जा वाढली. पण पैसा दोन जातींचा होता. निजामाचा रुपया तो हाली आणि इंग्रजांचा रुपया तो कलदार. साधारण सात हालीला सहा कलदार असा भाव पडायचा. आपल्या मुलखातल्या माणसाला बार्शीच्या बाजारात खरेदी करायची तर आधी हाली देऊन कलदार घ्यावे लागायचे. रोख पैसा हातात असूनही त्यातला काही भाग बदलून देणाऱ्याच्या पदरात जायचा. भडोचला रोमन नाण्याचं झालं तेच. 17 सप्टेंबर 1948 ला मराठवाडा मोकळा झाला आणि पुढं काही वर्षांनी हाली चलनातून गेला.

हे मी मुद्दाम सांगतेय, कारण आपल्याला वाटतं रोख म्हणजे पक्कं. पण रोखसुद्धा सरकारच्या शब्दावर चालतं. 8 नोव्हेंबर 2016 च्या रात्री पाचशे आणि हजाराच्या नोटा बंद झाल्या, ते सगळ्यांना आठवतं. कितीतरी जणींची तांदळाच्या डब्यातली, कणगीच्या बुडाशी ठेवलेली, नवऱ्याला न सांगता साठवलेली पुंजी त्या आठवड्यात बाहेर काढावी लागली. रोख चांगलं, कारण खर्च करताना हात आखडतो. नोट हातातून जाताना दिसते. पण घरातल्या रोखीची नोंद कुठंच नसते. ती चोरीला गेली, उंदरानं कुरतडली, दारूत गेली, तर पुरावा कसला दाखवणार?

आता कार्डाकडं येऊ. 1950 मध्ये अमेरिकेत न्यूयॉर्कला डायनर्स क्लब नावाचं कार्ड निघालं. सुरुवातीला ते पुठ्ठ्याचं होतं आणि हॉटेलात जेवायला जाणाऱ्यांसाठी होतं. महिना संपला की सगळं बिल भरायचं, थकबाकी ठेवायची सोय नव्हती. 1958 मध्ये कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो गावात एका बँकेनं साठ हजार कार्डं न मागता लोकांच्या घरी पोस्टानं पाठवून दिली. या कार्डावर थोडे पैसे भरून बाकीचे पुढं ढकलता यायचे, त्यावर व्याज चालू राहायचं. आजचं क्रेडिट कार्ड याच वळणाचं आहे. भारतात 1980 मध्ये सेंट्रल बँक ऑफ इंडियानं कार्ड आणलं. न मागता दारात आलेलं कर्ज आपण 1860 च्या कापसाच्या भावात पाहिलंच आहे. आता रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की मागितल्याशिवाय कार्ड देता येत नाही. त्यामुळं कुणी फोनवर "तुमचं कार्ड मंजूर झालंय, ओटीपी सांगा" म्हणालं तर फोन ठेवून द्या.

कार्डाची चाल समजून घ्या. खरेदीपासून साधारण पंचेचाळीस-पन्नास दिवसांपर्यंत व्याज नाही, पण बिलाचे सगळे पैसे मुदतीत भरले तरच. बिलात एक छोटा आकडा असतो, "किमान रक्कम". तेवढीच भरली तर दंड लागत नाही, पण राहिलेल्या पैशावर व्याज सुरू होतं आणि नव्या खरेदीवरची सवलतही जाते. कार्डावरून मशीनमधून रोख पैसे काढले तर पहिल्या दिवसापासून व्याज. बऱ्याच कार्डांवर व्याज महिन्याला शेकडा तीन ते पावणेचार असतं.

एक हिशेब करू. समजा वीस हजार थकले आणि व्याज शेकडा साडेतीन. महिन्याचे झाले सातशे. त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे आणखी एकशे सव्वीस. महिन्याला आठशे सव्वीस रुपये नुसते व्याजापोटी गेले, मुद्दल तसंच. हेच वीस हजार गटाकडून शेकडा एकनं घेतले असते तर महिन्याला दोनशे. शेकडा दोननं घेतले तरी चारशे. आणि ते व्याज गटातच राहतं, वर्षाअखेर आपल्याच बचतीत मिळतं.

"नो कॉस्ट" हप्त्याचं काय? दुकानात बोर्ड असतो, शून्य टक्के व्याज. 2013 मध्ये रिझर्व्ह बँकेनं बँकांना बजावलं की शून्य टक्के व्याज असं काही नसतं, व्याज बऱ्याचदा प्रक्रिया शुल्कात दडवलेलं असतं. त्यामुळं दुकानात पहिला प्रश्न विचारायचा, "रोखीनं घेतलं तर कितीला द्याल?" मग हप्त्यांची बेरीज करायची, शुल्क मिळवायचं. दोन्ही आकड्यांतला फरक म्हणजे उधारीचा भाव. तो भरायची तयारी असेल तर घ्या, पण माहीत असून घ्या.

आपल्या मुलखात आणखी एक गोष्ट आहे. कार्ड दर महिन्याला बिल मागतं. ज्याला महिन्याला पगार येतो त्याला ते सोयीचं. आपल्याकडं पैसा सोयाबीन निघाल्यावर येतो, हरभरा निघाल्यावर येतो, ऊस गेल्यावर कारखान्याचं बिल आलं की येतो. मधले महिने कोरडे. कोरड्या महिन्यात बिल आलं की किमान रक्कम भरली जाते आणि व्याजाचं चक्र सुरू होतं. 1998 पासून किसान क्रेडिट कार्ड आलं, तेही कार्डच, पण ते पिकाच्या मुदतीवर चालतं. तीन लाखांपर्यंत सात टक्के वार्षिक व्याज आणि वेळेत फेडलं तर आणखी तीन टक्क्यांची सूट. नाव दोन्हीकडं कार्डच असलं तरी एक खळ्याकडं बघून चालतं, दुसरं पगाराच्या तारखेकडं बघून.

आमच्या एका गटातली गोष्ट सांगते. नाव सांगत नाही. मुलगा शहरात कंपनीत कामाला. त्यानं कार्डावर मोबाइल घेतला, मग घरचा किराणाही त्यावरच. काम सुटलं. आई गटात कर्ज मागायला आली, कारण सांगितलं दवाखाना. बैठकीत एकीनं हळूच विचारलं, "कागद काय हाय का?" मग ताईनं मोबाइलवरचं बिल दाखवलं. ते इंग्रजीत होतं. बारावीतल्या एका मुलीला बोलावलं, तिनं एकेक ओळ मराठीत वाचून दाखवली. खरेदी किती, व्याज किती, जीएसटी किती, उशिराचा दंड किती. बायका ऐकत होत्या. मुद्दल सतरा हजारांच्या आसपास आणि बाकी चोवीस हजार. त्या ताईच्या मनावर इतके महिने जे ओझं होतं ते आकड्यांत सगळ्यांसमोर आलं. कुणी हसलं नाही. गटानं तिला चोवीस हजार दिले, कार्ड बंद करायची अट घातली आणि सोयाबीन निघाल्यावर मोठा हप्ता ठरवला. तिचं डोरलं गहाण पडता पडता राहिलं.

मला त्या दिवशी नाशिकच्या लेण्यातली ती निगमसभा आठवली. आपल्या गटांची पंचसूत्री आपण पाठ म्हणतो: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि नियमित हिशेब लेखन. 1992 मध्ये नाबार्डनं पाचशे गटांना बँकेशी जोडण्याचा प्रयोग सुरू केला, तेव्हा बँकांना हाच विश्वास हवा होता की या बायकांचं देणंघेणं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं. आपल्या धाराशिव आणि लातूरमध्ये तर 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर घरदुरुस्तीच्या कामात गावागावांतल्या बायका संवाद सहायक म्हणून पुढं आल्या. सिमेंट किती आलं, पैसा किती आला, हे त्या गावसभेत विचारू लागल्या. त्यातूनच पुढं बचतीची सवय लागली. माविम आली, उमेद आली. पण मूळ सवय एकच, हिशेब चारचौघींत वाचायचा.

मग रोख का कार्ड? माझं मत स्पष्ट आहे. रोजचा किराणा, भाजी, दूध रोखीनं घ्या किंवा फोनवरून खात्यातले पैसे देऊन. जे खाऊन संपतं ते उधारीवर नको. मोठी वस्तू घेताना बघा, ती पैसे कमावून देणार का? शिलाई मशीन, शेळी, म्हैस, पिठाची गिरणी यांसाठी गटाचं किंवा बँकेचं कर्ज घ्या, परतफेड सुगीवर बांधा. टीव्ही, मोबाइल, बस्ता यांसाठी आधी भिशी लावा, बचत करा, मग घ्या. कार्ड असेलच आणि बिल दर महिन्याला पूर्ण भरलं जात असेल तर ते वापरा, त्यात वाईट काही नाही. नोंद राहते, फसवणूक झाली तर तक्रार करता येते. पण ज्या महिन्यात किमान रक्कम भरायची वेळ येईल, त्याच महिन्यात ते गटात सांगा.

खाजगी सावकाराकडं जायची वेळ आलीच तर त्याच्याकडं परवाना आहे का ते विचारा. 2014 च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याप्रमाणे परवाना लागतो. नसेल तर सहकार खात्याच्या उपनिबंधकाकडं तक्रार करता येते. आणि बँक असो, कंपनी असो, सावकार असो, कुठलाही कागद सही करण्याआधी मोठ्यानं वाचून घ्या. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या लेकीकडून वाचून घ्या. समजत नसेल तिथं थांबा.

पुढच्या बैठकीसाठी एक काम देते. वहीचं एक पान घ्या, त्यावर चार रकाने आखा: किती, कुणाकडून, महिन्याला शेकडा काय, कशासाठी. गटातल्या प्रत्येकीनं घरातलं सगळं देणं, किराण्याच्या उधारीपासून लेकाच्या कार्डापर्यंत, त्यात लिहायचं. जिला सांगायला अवघड वाटेल तिनं नुसता आकडा लिहावा, कारण नंतर. मग पान वाचून दाखवायचं. उषवदातानं दगडावर लिहिलं, आपण दोनशे पानी वहीत लिहू.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.